विश्लेषण : शुक्राणू शिरूनही अंडपेशी ‘जागी’ का होत नाही? गर्भाच्या सुरुवातीला कॅल्शियमचे काम काय?

आयव्हीएफ उपचारांत एक निरोप जोडप्यांना फार हताश करतो : ‘अंडपेशी चांगल्या होत्या, शुक्राणू थेट आत सोडला, तरी फलन झाले नाही.’ अनेकदा दोघांचेही अहवाल ‘नॉर्मल’ असतात. मग घरात, नातेवाईकांत आणि कधीकधी स्वतःच्याच मनात संशयाची सुई बाईकडे वळते. गेल्या काही दशकांतील संशोधन मात्र वेगळी शक्यताही दाखवते. शुक्राणू अंडपेशीत पोहोचणे आणि त्याने अंडपेशीला जागे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागे करण्याचे काम होते ते कॅल्शियमच्या लहरींमुळे. या लहरी कशा उठतात, त्या न उठल्यास काय होते आणि त्यावर उपाय आहे का, याविषयी...

अंडपेशी कशाची वाट पाहत असते?

स्त्रीची अंडपेशी ही शरीरातील सर्वाधिक काळ ताटकळणाऱ्या पेशींपैकी एक. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशींचे विभाजन सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. वयात आल्यानंतर दर महिन्याला साधारण एक अंडपेशी पक्व होते, विभाजन थोडे पुढे सरकते आणि बीजकोशातून बाहेर पडण्याच्या सुमारास दुसऱ्यांदा थांबते. या दुसऱ्या थांब्यावर तिच्याकडे वेळ थोडा असतो. साधारण एका दिवसात शुक्राणू मिळाला नाही, तर ती नष्ट होते.

शुक्राणू आत आला की हा थांबा उठतो. उरलेले विभाजन पूर्ण होते, जास्तीची गुणसूत्रे एका छोट्या पेशीच्या रूपाने बाहेर टाकली जातात, आईच्या आणि वडिलांच्या गुणसूत्रांभोवती दोन स्वतंत्र केंद्रके तयार होतात आणि भ्रूणाची पहिली पेशी सिद्ध होते. यालाच अंडपेशीचे ‘सक्रिय होणे’ म्हणतात. त्याची सुरुवात कॅल्शियमच्या संकेताने होते.

कॅल्शियमचा संकेत म्हणजे नेमके काय?

कॅल्शियम म्हटले की हाडे, दात आणि दूध आठवते. पण शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी कॅल्शियमचा वापर निरोप देण्यासाठीही करते. त्यासाठी पेशी आपल्या आतल्या द्रवात मुक्त कॅल्शियमचे प्रमाण अतिशय कमी ठेवते. पेशीबाहेर ते सुमारे १० हजार पट जास्त असते. पेशीच्या आतही जाळीसारख्या पडद्यांच्या पिशव्यांमध्ये कॅल्शियमचा साठा बंद करून ठेवलेला असतो.

धरणाचे दरवाजे बंद असताना नदीचे पात्र कोरडे असते आणि दरवाजे उघडताच खालच्या गावांना पाणी आल्याचे लगेच कळते, तसेच इथे होते. आतल्या साठ्याचे दरवाजे उघडले की क्षणात पेशीतील मुक्त कॅल्शियम सुमारे दहापट वाढते. एका जागी सुटलेले कॅल्शियम शेजारचे दरवाजेही उघडते, त्यांच्यातून सुटलेले कॅल्शियम त्यापुढचे. अशा रीतीने अंडपेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लहर धावते. कॅल्शियम फार वाढले की हे दरवाजे बंद होतात आणि पंपासारखे काम करणारी प्रथिने ते पुन्हा साठ्यात भरतात.

ही लहर शास्त्रज्ञांनी पाहिली कशी?

यात एका जेलीफिशचा मोठा वाटा आहे. ओसामू शिमोमुरा आणि फ्रँक जॉन्सन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील किनाऱ्यावर सापडणाऱ्या जेलीफिशमधून ‘एक्वोरिन’ हे प्रथिन वेगळे केले. कॅल्शियमचा स्पर्श होताच ते निळसर चमकते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात एलिस रिजवे, जॉन गिल्की आणि लिओनेल जॅफी यांनी हे प्रथिन जपानी मेडाका माशाच्या अंड्यात सोडले. फलन होताच अंड्यात कॅल्शियम उसळते आणि शुक्राणू शिरलेल्या टोकापासून त्याची लहर सरकत जाते, हे त्या प्रकाशामुळे नोंदवता आले.

याच जेलीफिशमधून मिळालेल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनावरील संशोधनासाठी शिमोमुरा यांना मार्टिन शॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांच्यासह २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्सिएन यांनी कॅल्शियम मोजणारी चमकदार रंगद्रव्येही तयार केली. त्यामुळे हे मोजमाप जगभरातील प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले.

पुढे वेगवेगळ्या प्राण्यांची तुलना झाली. सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्यात आणि बेडकात प्रामुख्याने एकच मोठी लहर उठते. सस्तन प्राण्यांत मात्र लहरींची मालिका असते. उंदराच्या अंडपेशीत साधारण १० ते २० मिनिटांच्या अंतराने एकेक उसळी येते आणि दोन केंद्रके तयार होईपर्यंत काही तास हे सुरू राहते. माणसाच्या अंडपेशीतही अशीच मालिका दिसते.

शुक्राणू असे काय घेऊन येतो?

वडिलांची गुणसूत्रे पोहोचवणे एवढेच शुक्राणूचे काम, असा आपला समज असतो. तसे असते, तर अंडपेशीला जागे कोण करते, हा प्रश्न उरतो. शुक्राणू बाहेरून अंडपेशीची जणू कडी वाजवतो की आत येताना काही पदार्थ सोबत आणतो, यावर बराच काळ वाद होता. १९९०च्या सुमारास कार्ल स्वान यांनी शुक्राणूंचा अर्क हॅमस्टरच्या अंडपेशीत टोचला, तेव्हा फलनासारख्याच लहरी उठल्या. म्हणजे पदार्थ होता. तो कोणता, हे शोधायला आणखी १२ वर्षे लागली.

२००२ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथील टोनी लाय, कार्ल स्वान आणि सहकाऱ्यांनी शुक्राणूत आढळणारे ‘पीएलसी-झीटा’ हे विकर उजेडात आणले. शुक्राणू अंडपेशीत मिसळला की हे विकर अंडपेशीतील एका स्निग्ध रेणूचे तुकडे करते. त्यातून ‘आयपी-३’ हा छोटा रेणू सुटतो आणि तो कॅल्शियमच्या साठ्याचे दरवाजे उघडतो. एका शुक्राणूत असते तेवढ्या अत्यल्प पीएलसी-झीटानेही उंदराच्या अंडपेशीत लहरी उठतात, हे त्याच संशोधनात दिसले.

पुढे २०१७-१८ मध्ये पीएलसी-झीटा नसलेले नर उंदीर तयार करण्यात आले. त्यांच्या शुक्राणूंनी उठवलेल्या लहरी उशिराच्या आणि मोजक्याच होत्या. या नरांना पिल्ले झाली, पण फारच कमी. शिवाय एकाच अंडपेशीत एकाहून अधिक शुक्राणू शिरण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे पिल्ले पूर्ण थांबली नाहीत, पण नेहमीच्या लहरींसाठी हे विकर लागतेच.

एकच लहर का पुरत नाही?

कारण कामे अनेक आहेत आणि त्यांना क्रम आहे. पहिले काम दार लावण्याचे. पहिल्या उसळीबरोबर अंडपेशीच्या कडेला असलेल्या सूक्ष्म पिशव्या फुटतात. त्यांतील विकरे बाहेरच्या आवरणात असा बदल करतात, की दुसऱ्या शुक्राणूला आत येता येत नाही. दोन शुक्राणू शिरले, तर गुणसूत्रांचा हिशेब चुकतो आणि असा गर्भ सहसा टिकत नाही.

दुसरे काम अर्धवट विभाजन पूर्ण करण्याचे. कॅल्शियममुळे एक विकर जागे होते, ते विभाजन रोखून धरणाऱ्या प्रथिनाला बाजूला करते आणि थांबा उठतो. तिसरे काम आईने अंडपेशीत आधीच साठवून ठेवलेल्या संदेशांवरून नवी प्रथिने तयार करण्याचे. उंदरांवरील प्रयोगांत टॉम ड्युसिबेला, जाँ-पिएर ओझिल आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की दार लावण्यासारखी कामे थोड्या उसळ्यांत सुरू होतात, पुढच्या कामांसाठी अधिक उसळ्या लागतात. उसळ्यांचा नमुना कृत्रिमरीत्या बदलला, तर त्याचा परिणाम गर्भ रुजल्यानंतरच्या वाढीवरही होऊ शकतो, असे त्यांच्या २००६ मधील प्रयोगांत दिसले.

कॅल्शियमच्या पाठोपाठ झिंकही कामाला लागते. अंडपेशी सक्रिय होताना कोट्यवधी झिंक आयन बाहेर फेकते. सूक्ष्मदर्शकाखाली ते ठिणग्यांसारखे दिसतात. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील टेरेसा वुड्रफ आणि थॉमस ओ’हॅलोरन यांच्या गटाने हे २०११ मध्ये उंदरात आणि २०१६ मध्ये, शुक्राणू न वापरता सक्रिय केलेल्या मानवी अंडपेशींत दाखवले. त्यानंतर ‘जीव जन्मताना प्रकाश चमकतो’ असे संदेश समाजमाध्यमांवर फिरले. वस्तुस्थिती साधी आहे. झिंकला चिकटून चमकणारे रंगद्रव्य शास्त्रज्ञांनी मुद्दाम वापरले होते. प्रकाश त्या रंगद्रव्याचा होता.

मग पित्याशिवायही गर्भ वाढू शकतो का?

कॅल्शियमच पुरेसे असेल, तर शुक्राणू हवाच कशाला? हा प्रश्न जुना आहे. १८९९ मध्ये जॅक लोब यांनी अमेरिकेतील वुड्स होल येथे सी-अर्चिनची अंडी क्षारांच्या विशिष्ट द्रावणात ठेवली आणि शुक्राणूशिवाय त्यांच्यापासून अळ्या तयार झाल्या. १९७४ मध्ये रिचर्ड स्टाइनहार्ट आणि डेव्हिड एपेल यांनी कॅल्शियमला पडद्यापार नेणारे रसायन वापरून सी-अर्चिनची अंडी सक्रिय केली.

उंदराची अंडपेशीही अशा प्रकारे जागी होते, काही दिवस वाढते, पण गर्भ पुढे टिकत नाही. त्याचे कारण १९८४ मध्ये केंब्रिजमधील अझीम सुरानी यांचा गट आणि अमेरिकेतील जेम्स मॅकग्रा व डॅव्होर सोल्टर यांच्या प्रयोगांतून पुढे आले. सस्तन प्राण्यांत काही जनुके फक्त आईकडून आलेली चालतात, काही फक्त वडिलांकडून आलेली. त्यामुळे दोघांचाही वाटा लागतोच. कॅल्शियम सुरुवात करून देते, ते पित्याची जागा घेऊ शकत नाही.

फलनानंतर कॅल्शियमचे काम संपते का?

नाही. पुढे पेशींच्या विभाजनापासून अवयवांच्या मांडणीपर्यंत कॅल्शियम पुन्हा पुन्हा वापरले जाते. आपले हृदय डावीकडे आणि यकृत उजवीकडे कसे येते, हे याचे उत्तम उदाहरण. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात एका छोट्या खळग्यातील केसांसारखे सूक्ष्म तंतू गोल फिरतात आणि त्यामुळे द्रव डावीकडे वाहू लागतो. जपानी शास्त्रज्ञांनी उंदरातील हा प्रवाह १९९८ मध्ये दाखवला. काठावरच्या न फिरणाऱ्या तंतूंना या प्रवाहाचा दाब जाणवतो आणि डाव्या बाजूला कॅल्शियमचा संकेत उठतो. मासा आणि उंदीर यांच्यावरील २०२३ मधील दोन प्रयोगांत प्रकाशाच्या चिमट्याने हे तंतू हलवून त्याला पुष्टी देण्यात आली. ही व्यवस्था बिघडली, तर अवयव उलट बाजूला येऊ शकतात.

हृदयाचा पहिला ठोकाही कॅल्शियमचाच. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या झेब्राफिशवरील संशोधनात असे दिसले, की हृदयाच्या पेशी एकेक करून सुरू होत नाहीत. फलनानंतर सुमारे २० तासांनी त्या जवळपास एकाच वेळी लयीत धडकू लागतात. प्रत्येक ठोक्याबरोबर कॅल्शियमची लहर असते.

शुक्राणू थेट आत सोडूनही फलन का होत नाही?

बेल्जियममधील ब्रसेल्स येथे विकसित झालेल्या ‘इक्सी’ या तंत्राने १९९२ मध्ये पहिल्या गर्भधारणा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. यात सूक्ष्म सुईने एकच शुक्राणू अंडपेशीत सोडतात. शुक्राणूंची संख्या फार कमी असलेल्या पुरुषांसाठी ही मोठी सोय ठरली. तरीही सुमारे १ ते ३ टक्के उपचारचक्रांत एकाही अंडपेशीचे फलन होत नाही. यात अनेकदा अंडपेशी सक्रियच झालेली नसते. शुक्राणू आत पडून असतो आणि अंडपेशी अजून वाट पाहत असते.

दोष शुक्राणूत असू शकतो. काही पुरुषांच्या शुक्राणूंचे डोके गोल असते आणि त्यावर टोपीसारखा भाग नसतो. या दुर्मीळ विकारात पीएलसी-झीटा सहसा नसते किंवा अत्यल्प असते. काही पुरुषांत शुक्राणू दिसायला नेहमीसारखे असतात, पण पीएलसी-झीटाच्या जनुकात बिघाड असतो. असे पहिले उदाहरण २००९ मध्ये नोंदवले गेले. इथे एक बाब महत्त्वाची : वीर्याच्या नेहमीच्या तपासणीत संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. शुक्राणू अंडपेशीला जागे करू शकतो का, हे त्यातून कळत नाही. म्हणजे अहवाल ‘नॉर्मल’ असला, तरी पुरुषाकडील कारण पूर्णपणे बाद होत नाही.

दोष अंडपेशीतही असू शकतो. चीनमधील संशोधकांनी २०१८ मध्ये काही स्त्रियांत ‘डब्ल्यूईई-२’ या जनुकातील बिघाड नोंदवला. तिथे अडचण लहरी उठल्यानंतरच्या टप्प्यावर असते, निरोपावर पुढची कृती होत नाही. त्यामुळे दोघांचीही तपासणी आवश्यक ठरते.

बाहेरून लहर उठवता येते का?

येते, आणि काही निवडक रुग्णांत त्याचा उपयोग होतो. इक्सीनंतर अंडपेशी काही मिनिटे ‘कॅल्शियम आयनोफोर’ असलेल्या द्रवात ठेवतात. हे रसायन पडद्यापार कॅल्शियम वाहून नेते आणि अंडपेशीतील कॅल्शियम वाढते. गोल डोक्याच्या शुक्राणूंच्या बाबतीत या उपायानंतर मुले जन्मली आहेत.

मर्यादाही स्पष्ट आहेत. आयनोफोरमुळे सहसा एक मोठी वाढ होते, निसर्गातली लहरींची मालिका हुबेहूब उभी राहत नाही. उंदरात अशी मालिका उठवणारे स्ट्रॉन्शियम मानवी अंडपेशीत खात्रीशीर ठरलेले नाही. ‘डब्ल्यूईई-२’सारख्या बिघाडात आयनोफोर उपयोगी पडत नाही, कारण तिथे कॅल्शियम कमी पडलेलेच नसते. प्रयोगशाळेत तयार केलेले पीएलसी-झीटा वापरण्याचा मार्ग अधिक नैसर्गिक वाटतो, पण तो संशोधनाच्या टप्प्यावर आहे.

मग ही प्रक्रिया सर्वांनाच का करू नये?

कारण ज्यांच्या अंडपेशी नेहमीप्रमाणे सक्रिय होतात, त्यांना तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. युरोपातील प्रजनन तज्ज्ञांची संघटना ‘एश्रे’ हिच्या २०२३ मधील शिफारशींनुसार ही प्रक्रिया सरसकट वापरू नये. आधीच्या चक्रात फलन अजिबात झाले नसेल किंवा फारच कमी झाले असेल, किंवा शुक्राणू गोल डोक्याचे असतील, तर तिचा विचार करावा. या उपायानंतर जन्मलेल्या मुलांच्या पाहण्यांत आतापर्यंत जन्मजात दोष वाढल्याचे ठळकपणे दिसलेले नाही, पण या पाहण्या लहान आहेत. लहरींच्या नमुन्याचा परिणाम पुढच्या वाढीवर होऊ शकतो, हे उंदरांत दिसलेले असल्याने सावधगिरी योग्य ठरते.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी फलनाला मदत होते का?

ही लहर अंडपेशीच्या आतल्या साठ्यातून उठते. गोळी घेतल्याने ती उठवता येत नाही. गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा उद्देश वेगळा आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदरपणाच्या १४व्या आठवड्यापासून रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिल्या जातात. आहारातून कॅल्शियम कमी मिळत असेल, तर गरोदरपणातील घातक रक्तदाबाचा धोका त्याने कमी होतो. त्यामुळे या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवाव्यात, पण फलनाशी त्यांचा संबंध जोडू नये.

जोडप्यांनी डॉक्टरांना काय विचारावे?

परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था यांच्या प्रयत्नांतून १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला. त्यानंतरच्या काळात आयव्हीएफ केंद्रे जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचली. सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायदा, २०२१ नुसार केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि धोके यांची माहिती जोडप्याला देणे ही केंद्राची जबाबदारी आहे.

फलन झाले नाही, तर काही नेमके प्रश्न विचारता येतात. किती अंडपेशी पक्व होत्या? त्यांपैकी किती सक्रिय झाल्या? शुक्राणू खरोखर आत होता का? शुक्राणूंची सक्रिय करण्याची क्षमता किंवा दोघांची जनुकीय तपासणी करण्याची गरज आहे का? आयनोफोर सुचवले असेल, तर आमच्या बाबतीत ते कोणत्या कारणासाठी? शेवटच्या प्रश्नाला ‘सगळ्यांनाच देतो’ असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे बरे. आणि या तपासण्या होण्याआधी दोष कोणाचा, हे घरात ठरवून टाकण्याला विज्ञानाचा आधार नाही.